आत्याची चावी आणि कुणाचा तरी मित्र

माझी आत्या घरी बसून सिनेमा-मालिकांची सबटायटलं लिहिते. पडद्यावरची माणसं भांडतात, रडतात, गळ्यात पडतात आणि आत्या ते सगळं दोन ओळींत कोंबते. त्या सवयीने घरातही ती कुणाचं बोलणं पुरतं होऊ देत नाही. आतोबांनी तोंड उघडलं की वाक्य ती संपवते, आणि बहुतेकदा त्यांच्यापेक्षा चांगलं संपवते.

तिच्या कॉम्प्युटरवर सगळ्यांसारखी विंडोज सिस्टीम नाही, लिनक्स आहे. दुकानदाराने तो कॉम्प्युटर भंगारात काढायला सांगितला होता. आत्या म्हणाली, "डोकं फिरलंय त्याचं, हातपाय धड आहेत." मग पुस्तकं वाचून, चार ठिकाणी विचारून तिने स्वतःच लिनक्स चढवलं. तेव्हापासून त्या यंत्राबद्दल कुणी ब्र काढलेला तिला खपत नाही.

अशात तिच्या कंपनीने फर्मान काढलं: नुसता पासवर्ड चालणार नाही. प्रत्येकाला बोटाच्या पेराएवढी एक चावी आली. ती कॉम्प्युटरला खोचायची, पान सांगेल तेव्हा तिला बोट लावायचं, की कामाचं दार उघडलं.

मी त्या दिवशी तिच्याकडेच होते. आत्याने चावी खोचली, बोट लावलं. "चावी सापडली नाही," पान म्हणालं. तिने दाबून पाहिलं, चोळून पाहिलं, फुंकर मारून दुसऱ्या भोकात घालून पाहिलं.

"आता काय हिला गुदगुल्या करू?" मग ती वळली. "अहो, तुमचं बोट द्या."

"माझं कशाला?" आतोबांनी शब्दकोड्यातून डोकं वर काढलं.

"तुमचं कुणी ऐकत नाही हे खरं. पण प्रयत्न करायला काय जातं?"

चावीने आतोबांचंही ऐकलं नाही. वर आणखी एक खोडी केली. शेजारी सबटायटलांची फाइल उघडी होती. तिथे आई मुलाला 'बाळा, आलास?' म्हणत होती, आणि आतोबांचं बोट लागताच त्यापुढे इंग्रजी 'सी'ने सुरू होणारी अगम्य अक्षरांची लांबलचक माळ उमटली.

"बघा, तुमच्या हाताने त्या माउलीची वाचा गेली," आत्या म्हणाली आणि तिने मदतकेंद्राला फोन लावला.

पलीकडचा माणूस नम्र होता. "मॅडम, सिस्टीम कोणती?"

कंपनीच्या पत्रात स्पष्ट लिहिलं होतं की लिनक्सवाल्यांना मदत मिळणार नाही. आत्या म्हणाली, "विंडोज." डोळ्याची पापणी लवली नाही.

"स्टार्टवर क्लिक करा. काय दिसतंय?"

"जे दिसायला हवं तेच."

"सेटिंग्ज उघडा. डाव्या बाजूला काय आहे?"

आत्याने डावीकडे पाहिलं. "आमचे हे आहेत."

मी तोंडात ओढणीचा बोळा कोंबला. तेवढ्यात डावीकडून आवाज आला, "अगं, लिनक्स आहे म्हणून सांग की त्याला!"

फोनवर त्यालाही ते ऐकू गेलं. मग तो माणूस म्हणाला, "लिनक्सला आम्ही मदत करत नाही. नियम आहे." आणि एकदम आवाज खाली आणून, "पण माझा एक मित्र आहे. त्याच्या घरी लिनक्स आहे."

"हुशार दिसतोय."

"त्याच्या बायकोला तसं वाटत नाही."

"मग असं झालं असतं तर तुमच्या मित्राने काय केलं असतं?"

"टर्मिनल उघडलं असतं. हुकूम टाइप करायची काळी खिडकी असते ती."

आत्या खुर्ची पुढे ओढून बसली. मित्राने काय टाइप केलं असतं, ते तो अक्षर अक्षर सांगत गेला. अक्षरांच्या माळेची हकिकत ऐकून तो खूश झाला. "म्हणजे चावी ठणठणीत आहे. कीबोर्ड बनून ती बोलते, पण ब्राउझरला तिच्यापर्यंत कुणी पोचू देत नाही. आता बघा, ती कुणाच्या नावावर आहे?"

"रूटच्या."

"म्हणजे सिस्टीमचा जो सर्वेसर्वा, त्याच्या. बाकी कुणाला हात लावायची मुभा नाही."

"घर माझं, चावी माझी, आणि मलाच मज्जाव?"

"नियमांची एक फाइल असते. समोर बसलेल्या माणसाला चावी वापरू द्या, असं ती सांगते. तुमच्याकडे ती दिसत नाही. मित्राचं म्हणणं, ती आपोआप येते. कुणी काढून टाकली तरच जाते."

आत्याने जीभ चावली. मध्यंतरी एका दुपारी तिने कॉम्प्युटरची साफसफाई केली होती. ज्याचं नाव कधी ऐकलं नाही ते सगळं उडवलं होतं आणि वर "किती जागा झाली!" म्हणून आम्हा सगळ्यांना फोन केले होते.

आतोबांचा चेहरा उजळला.

"कुणी काढली असेल?" पलीकडून प्रश्न आला.

"आमचे हे अधूनमधून हात लावतात," आत्या म्हणाली.

आतोबांचा आ वासलेलाच राहिला, आणि वाक्य संपवायला या वेळी आत्याही आली नाही.

ती फाइल ज्यात होती ते उडवलेलं पॅकेज, त्याने सांगितलं तसं, तिने परत बसवलं. पान मात्र ढिम्म.

"चावी एकदा काढून पुन्हा घाला," तो म्हणाला. "मित्र इथेच विसरतो."

तिने काढली, घातली. दिवा लुकलुकला. बोट लावताच दार सताड उघडलं. आत्या एवढ्या जोरात ओरडली की तो कळवळला, "हळू! इथे सगळे माना वळवून बघतायत." मग खाकरून म्हणाला, "आता नोंद करावी लागेल. चावी उलटी घातली होती, असं लिहितो."

"मुळीच नाही! मी काय इतकी बावळट वाटले?"

"मग लिनक्स लिहावं लागेल."

आत्याने दातओठ खाल्ले. "उलटी लिहा."

दुसऱ्या दिवशी कंपनीचं पत्रक सगळ्यांच्या हाती पडलं. चावी सुलट बाजूनेच खोचावी, काही ज्येष्ठ सहकाऱ्यांची गफलत होत आहे. सोबत लाल बाण काढलेलं चित्र. आतोबांनी ते मोठ्याने वाचलं, मग आवाज बदलून परत वाचलं. 'ज्येष्ठ' या शब्दावर दर वेळी थांबले.

आत्याने ऐकून घेतलं. मग कामाचं पान उघडलं, चावीला हलकेच बोट लावलं आणि म्हणाली, "ज्येष्ठांना चहा मिळेल का?"

हसत हसत आतोबा उठले आणि आधण ठेवायला गेले.