उन्हात वाळवलेला पाला
स्पिरिटचा वास आला की दिग्गी गावचे वैद्यमामा आठवतात. साऱ्या गावासमोर त्यांनी पायाच्या जखमेवर औषध मागायला गेलेल्या माझ्या बापाला दारातून हाकललं होतं, "दारुड्याला माझं औषध न्हाई!" जखम चिघळून बापाचा पाय कापावा लागला. पुढे मी जोयड्याच्या प्रयोगशाळेत पानांचे स्पिरिटमध्ये काढलेले अर्क बुरशीवर तपासू लागलो, तेव्हा तेच मामा मोठ्या विश्वासानं नायट्यावरचा पाला घेऊन आले. "सावलीतच वाळव हां पोरा, उन्हात ताकद जाती." मी मुद्दाम पत्र्यावर, भर उन्हात वाळवला. काचेच्या बशीत बुरशी थेट अर्कापर्यंत वाढली, अर्कानं ती जराही रोखली नाही. ती बशी मी गावात चारचौघांत दाखवली, "मामा, ह्यात काय बी न्हाई." ते हळूच म्हणाले, "मग इतकी वर्सं मी लोकांना फशिवलं व्हय?" त्यांनी पुन्हा कुणाला पाला दिला नाही. तेव्हा मला गोड वाटलं होतं. खरं सांगतो, थोडं अजूनही वाटतं, आणि त्याचीच लाज वाटते.