विसर्जनाच्या सकाळी काढलेला पत्रा

"यंदा बाप्पाला टेम्पोतून नेऊ या," असं आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष भर बैठकीत म्हणाले आणि माझं डोकंच फिरलं. बाप्पा गंगेवर जायचा तो आमच्या गाडीतून. आम्ही सांगलीहून बदलीवर कोलकात्यात आलो त्या पहिल्याच वर्षी हा मान आम्हाला मिळाला, आणि तोही काही आमचे गुण बघून नव्हे. मंडळात दुसऱ्या कुणाच्या गाडीची मागची सीट पूर्ण आडवी पडत नव्हती, आमची पडत होती, एवढंच. पण त्या सीटच्या जोरावर आम्ही या परक्या शहरात माणसांत आलो. ओळख करून देताना लोक म्हणायचे, "हे बाप्पाच्या गाडीवाले."

आणि यंदाच टेम्पो! नवऱ्याची बँकेतली नोकरी डिसेंबरात संपणार होती. मग आम्ही सांगलीला परतणार होतो, आणि गाडी पंधरा वर्षांची होत आलेली, म्हणून ती इथेच मोडीत द्यायची हे घरात ठरलेलं होतं. म्हणजे हा आमचा कोलकात्यातला शेवटचा गणपती. तो टेम्पोत बसून पुढे जाणार आणि आम्ही मागून रिकाम्या गाडीत? ते काही मला झेपणारं नव्हतं.

अध्यक्षांचं म्हणणं अगदीच बिनबुडाचं नव्हतं, हे मात्र कबूल करायला हवं. गाडी जुनी, डिझेलची, टर्बोवाली. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तापलेल्या धुरावर फिरणारा पंखा. तो इंजिनाला दम देतो आणि स्वतः चुलीसारखा तापतो. त्याची धग शेजारच्या वायरींना लागू नये म्हणून त्याच्यावर पत्र्याचं आवरण असतं. आमचं आवरण इथल्या दमट हवेनं गंजून सैल झालं होतं, आणि गाडी सुरू केली की ताटावाट्यांची मांडणी कोसळल्यासारखं वाजायचं. मागच्या वर्षी त्या आवाजात पुढे बसलेल्यांची आरती मागे बाप्पाला धरून बसलेल्यांना ऐकू गेली नाही. पुढचे शेवटच्या कडव्यावर होते तेव्हा मागचे अजून दुसऱ्यावर घोटाळत होते.

"काका, विसर्जनाच्या दिवशी माझ्या गाडीचा आवाज आला तर मला सांगा," मी म्हणाले.

"वहिनी, चारपर्यंत थांबतो," ते म्हणाले. "त्यानंतर मात्र टेम्पो."

माझ्या वडिलांचा सांगलीत लेथचा छोटा कारखाना होता. लाटण्याच्या आधी माझ्या हातात पाना आला. त्यामुळे तो पत्रा मी स्वतःच काढला असता, पण आमच्या सोसायटीत गाडीचं बॉनेट नुसतं उघडलं तरी सेक्रेटरी वरून खिडकीतून खाकरतात. म्हणून विसर्जनाच्या आदल्या संध्याकाळी मी गाडी गल्लीच्या टोकाच्या गॅरेजात नेली. तिथला मिस्त्री माझ्याच वयाचा, गोल पोटाचा, आणि बोलतो ते अख्ख्या गल्लीला ऐकू जावं अशा बेतानं. त्यानं तीन बोल्टपैकी दोन काढले. तिसरा गंजून असा बसला होता की हलायचं नाव घेईना. त्याच्यावर तेल सोडून तो म्हणाला, रात्रभर मुरू दे.

"सकाळी येते मग," मी म्हणाले.

त्याचा चेहरा एकदम खुलला. "या ना बौदी, नक्की या! साहेबांनाही घेऊन या!" बौदी म्हणजे इथली वहिनी. मला वाटलं, काय तळमळीचा माणूस आहे. गॅरेजच्या दारावर रंगीत कागदाच्या माळा लटकत होत्या, त्याही मी पाहिल्या. पण माझ्या डोक्यात मोदकांची उकड शिजत होती. माळा डोळ्यांना दिसल्या, डोक्यात काही शिरल्या नाहीत.

सकाळी नवऱ्याला घेऊन गेले तर गॅरेजात ढाक, म्हणजे इथला पूजेचा मोठा ढोल, वाजत होता. मध्यभागी हत्तीवर बसलेला विश्वकर्मा, आणि त्याच्यासमोर सगळे पाने, जॅक, हातोड्या, स्क्रू ड्रायव्हर धुऊन पुसून ओळीनं मांडलेले, प्रत्येकावर शेंदराचा टिळा आणि एक फूल. बाजूला माझी गाडी. तिलाही धुतलेलं, बॉनेटवर झेंडूचा हार आणि काचेवर ठसठशीत टिळा. मिस्त्री नवंकोरं धोतर नेसून खिचडीची पत्रावळ घेऊन माझ्या स्वागताला धावत आला.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी 'सकाळी येते' म्हटलं ते कामासाठी, आणि त्यानं ऐकलं ते पूजेसाठी, कारण इथं या दिवशी गिऱ्हाइकांना प्रसादाला बोलावण्याची रीत आहे. आणि या दिवशी कुणी हत्याराला हात लावत नाही. इतकी वर्षं कोलकात्यात काढून मला हे माहीत नसावं? पण सप्टेंबरातले ते दिवस आम्हा मराठी माणसांचे गणपतीत बुडालेले असतात. विश्वकर्मा पूजा म्हणजे आकाशात पतंग आणि रिक्षांना हार, यापलीकडे आम्ही कधी पाहिलंच नव्हतं. त्या वर्षी नेमकी अनंत चतुर्दशी आणि ही पूजा एकाच दिवशी आली आणि मी बरोबर मधोमध सापडले.

"एकच बोल्ट राहिलाय हो," मी मोडक्यातोडक्या हिंदी-बंगालीत म्हणाले. "दोन मिनिटांचं काम."

"आज नाही, बौदी. परवा या."

भांडायला तोंड उघडलं होतं मी, पण तसंच मिटलं. आमच्या घरी खंडेनवमीला काय वेगळं चालायचं? वडील लेथला हळदकुंकू वाहायचे आणि त्या दिवशी कुणी साधी पक्कड उचलली तरी घर डोक्यावर घ्यायचे. एकदा माझ्या सायकलची चेन पडली तर मला दुसऱ्या दिवसापर्यंत पायी हिंडायला लावलं होतं. मी कुठल्या तोंडानं या माणसाला म्हणणार की तुझा नेम मोड?

"जाऊ दे ना," नवरा हळूच म्हणाला. "टेम्पो काय वाईट आहे?"

"तुम्ही गप्प बसा हो जरा," मी म्हणाले. आणि त्याच वेळी मला सुचलं. आपली खंडेनवमी अजून महिनाभर लांब होती. गाडीच्या डिकीत वडिलांचे पाने फडक्यात गुंडाळलेले असतात. त्यांना अजून कुणी हळदकुंकू लावलेलं नव्हतं. म्हणजे माझ्या हत्यारांना आज सुट्टी नव्हती.

मिस्त्रीला हे समजावून सांगायला थोडा वेळ लागला. आमचा देव वेगळ्या दिवशी हत्यारं मागतो, हे त्याला पटलं, पण काम गॅरेजच्या आत मात्र नाही. मग गाडी बाहेर काढायची ठरली. कुठपर्यंत, यावर वाद झाला. उंबऱ्याबाहेर म्हणजे देवाच्या अगदी नजरेसमोर. शेवटी पलीकडच्या चहाच्या टपरीपुढची जागा सगळ्यांना मान्य झाली, कारण तिथून मधल्या खांबामुळे मूर्ती दिसत नव्हती. ढाकवाल्यासकट सगळ्यांनी गाडी ढकलली. ढकलण्याला हत्यार लागत नाही.

सुटीच्या दिवशी एक बाई रस्त्यात बॉनेट उघडून पाना मारतेय म्हटल्यावर गल्ली गोळा व्हायला कितीसा वेळ लागणार? मिस्त्री दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून माझ्या शेजारी उभा राहिला. हातानं काही करता येत नव्हतं म्हणून तोंडानं दुप्पट करत होता. "डावीकडे, डावीकडे! हातोडी मारा!" हातोडी मारली तर खालचा टर्बोच फुटेल, हे त्याला पक्कं ठाऊक होतं, पण बघत बसणं त्याच्यानं होईना. मी त्याला म्हटलं, "दादा, तुम्ही खिचडी वाढा." नवरा माझ्या डोक्यावर छत्री धरून उभा होता आणि घाम मात्र त्यालाच फुटला होता.

गंजलेला बोल्ट एकदम उलटा फिरवायचा नाही, आधी जरासा आवळायचा, मग सोडवायचा, पुन्हा आवळायचा. वडिलांनी शिकवलेलं. मी तसं करत राहिले. हात घसरला, बोटाचं सालटं निघालं, तोंडातून सांगलीचा एक शब्द निघाला. सुदैवानं तो तिथं नवऱ्याशिवाय कुणालाच कळला नाही. बोल्ट किंचित हलला. मग एक कट्‌ असा आवाज झाला आणि त्याचं डोकंच तुटून माझ्या हातात आलं.

संपलं सगळं, वाटलं. पण पत्र्याला हात लावला तर तो सरळ सुटून वर आला. अरेच्चा! बोल्टचं डोकं गेलं म्हणजे त्याला धरणारं कुणी उरलंच नव्हतं. उरलेला तुकडा काढायची कटकट नंतरची. जुना पत्रा पापडासारखा झाला होता, कडेनं हातात चुरा येत होता. मी तो वर उचलून दाखवला आणि टपरीवरच्या बाकड्यांनी टाळ्या वाजवल्या.

पत्र्याशिवाय गाडी कायम चालवायची नसते, शेजारच्या वायरी भाजतात. त्या मी तारेनं मागे ओढून बांधल्या. गंगेपर्यंत हळूहळू जायचं आणि यायचं, एवढ्याला हरकत नव्हती. मिस्त्रीनं मात्र खिचडी खाल्ल्याशिवाय सोडलं नाही. काळ्या हातांनी, रस्त्यात उभ्या उभ्या, मी दोन पत्रावळी संपवल्या. इतकी चविष्ट खिचडी मी जन्मात खाल्ली नाही.

मंडळाच्या हॉलवर पोचले तेव्हा अध्यक्ष हातात मोबाइल घेऊन फाटकातच उभे होते, टेम्पोवाल्याला लावायच्या बेतात. मी गाडी त्यांच्या पुढ्यात आणून उभी केली. त्यांनी कान पुढे केला. वाकून बॉनेटजवळ नेला.

"बंद का केलीत? चालू करा ना."

"चालूच आहे, काका."

ते आत गेले आणि स्वतः पाट उचलायला लागले. बाप्पा आडव्या पडलेल्या सीटवर बसला, त्याला धरायला नवरा आणि मंडळातले दोघे मागे मांडी घालून बसले आणि अध्यक्ष हक्कानं माझ्या शेजारी पुढे बसले. सवयीनं सगळे बेंबीच्या देठापासून आरती म्हणत होते. एस्प्लनेडच्या सिग्नलला शेजारच्या बसमधली माणसं वाकून वाकून बघत होती. प्रत्येक कडवं सगळ्यांचं एकत्र संपत होतं. मला इतका आनंद झाला होता की मी हिरवा दिवा पडल्यावरही थांबून राहिले आणि मागच्या टॅक्सीवाल्याच्या शिव्या खाल्ल्या. घाटावर बाप्पा पाण्यात गेला, 'पुढच्या वर्षी लवकर या'चा गजर झाला. तो मीही केला, घसा बसेपर्यंत.

परतताना अध्यक्षांच्या मांडीवर रिकामा पाट होता आणि त्यावर गंगेची मूठभर माती. मागे नवरा आणि तेच दोघे. विसर्जनाहून परततानाच्या त्या रस्त्यावर दरवर्षी सगळ्यांचेच चेहरे उतरलेले असतात. पण दरवर्षी गाडी खडखडायची. कुणी काही बोललं तरी ऐकू यायचं नाही, मग कुणी बोलायचं नाही, आणि त्याचं कुणाला काही वाटायचं नाही. यंदा गाडीत चिडीचूप. मागे कुणीतरी नाक ओढलं तेही ऐकू आलं. पुढच्या वर्षी इथं बाप्पा येणार होता. गाडी नसणार होती, आम्हीही नसणार होतो, आणि गाडीतल्या प्रत्येकाच्या मनात तेच चाललं होतं.

"वहिनी," अध्यक्ष समोर बघत म्हणाले, "काहीतरी बोला हो. तुम्ही गप्प बसलात की कसंतरी होतंय."

माझी जीभ आयुष्यात कधी अडली नव्हती. तेव्हा अडली. मी हात पुढे करून गाडीचा पंखा शेवटच्या आकड्यावर फिरवला, निदान त्याचा तरी आवाज होऊ दे म्हणून, आणि आम्ही सगळे तो ऐकत घरी आलो.