आज परत मोजा

सर्व्हेवाल्यांकडे किस्से साठतात, कारण दिवसभर बोलायला कुणी नसतं. एक जण दुर्बिणीशी, दुसरा आकड्यांची उंच पट्टी धरून पार तिकडे. हातानं खुणा करायच्या, बस! मग महिन्या-दोन महिन्यांनी कुणी चहाला भेटलं की आम्ही सुटतोच.

आमची टीम तिघांची. भामरागडकडच्या एका नदीवर पुलाचा सर्व्हे. मी, दुर्बिणीवरचे गोंडपिपरीचे रफीकभाई, आणि पट्टी धरणारे मारोतीभाऊ.

*

मारोतीभाऊंना मी नदीची रुंदी अंदाजानं काढायला शिकवत होतो. "हात लांब करा, अंगठा धरा. एका डोळ्यानं बघा, मग दुसऱ्या. पलीकडच्या काठावर अंगठा जेवढा सरकलेला दिसेल, त्याच्या दहापट नदी!"

भाऊंनी दोनदा करून पाहिलं. "साहेब, अंगठा तर जागेवरच हाय. झाडच सरकून राह्यलं!"

म्हटलं, दोन्ही जागेवरच आहेत. दोन डोळे दोन जागांवरून बघतात, म्हणून तसं दिसतं. यालाच पॅरलॅक्स म्हणतात.

"म्हणजे दोघाइचं आपसात पटत नाई. माह्या पोराइसारखं!"

*

रफीकभाईंची लेव्हल, म्हणजे उंचीची मोजणी, कधी चुकत नसे. पण एकदा तीन दिवसांच्या कामानंतर सुरुवातीच्या खुणेवर परत आलो, तर उंचीत चार बोटांचा फरक! पुलाची उंची यावरच ठरायची. कमी धरली तर पूर वरून जाणार. भाई त्या दिवशी जेवले नाहीत.

सकाळी त्यांनी दुर्बिणीला डोळा लावून मान जरा वर-खाली केली. दुर्बिणीतली नेमाची आडवी तार पट्टीच्या आकड्यांवरून सरकली, म्हणजे सगळी मापं चुकलेली. सुट्टीत घरी जाऊन त्यांनी नवा चष्मा केला होता, आणि तार मात्र जुन्याच नंबरावर लावलेली!

"भाई, चष्मा बदलला हे सांगायचं तरी!"

"सांगू कोणाले? दिवसभर मी न् दुर्बीण."

तीन दिवसांचं काम त्यांनी पहिल्यापासून केलं. आधी तार डोळ्याला स्पष्ट दिसेल अशी लावायची, मगच पट्टी वाचायची.

*

सुट्टीला एसटीनं गडचिरोलीला निघालो होतो. मारोतीभाऊ खिडकीशी. रस्त्याकडेची झाडं भराभर मागे पळत होती, लांबचा डोंगर मात्र सोबत चाललेला.

"जवळचं लवकर मागं पडते, साहेब," भाऊ म्हणाले. त्यांची बायको जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.  गडचिरोलीपर्यंत ते त्या डोंगराकडेच बघत होते.

*

आणि दसरूबाबा. आमच्या मुक्कामाच्या गावचे म्हातारे, घरात एकटेच. लेक नदीपलीकडच्या गावात दिलेली. पावसाळ्यात पूर आला, डोंगा, म्हणजे पलीकडे नेणारी लाकडी होडी, बंद झाला, रस्ताही तुटला. आम्ही तिघं तिथंच अडकलो.

बाबा काठावर येऊन बसायचे. एक दिवस विचारलं, "तुह्या मशीनीतून माह्या पोरीचं घर किती दूर हाय, सांगता येते का?"

घराचं छप्पर इकडून दिसत होतं. काठावर दोन खुंट्या ठोकल्या, दोन्हीवरून छपराचा कोन घेतला, हिशोब केला. "बाबा, दोनशे दहा मीटर."

"एवढंच?"

"एवढंच."

"लिहून दे."

लिहून दिलं. बाबांनी चिठ्ठी घडी करून बंडीच्या खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवशी पाणी आणखी चढलं होतं. खुंट्या जागेवर होत्या, छप्परही दिसत होतं. बाबा आमच्याआधीच येऊन बसलेले.

"आज परत मोजा जी," ते म्हणाले. "आज जास्त दूर वाटून राह्यलं."

रफीकभाईंनी माझ्याकडे पाहिलं, आणि मशीन परत लावलं.