सुईखालचा तुकडा

फोन आला तेव्हा मी डहाणूच्या बाजारात शिंप्याच्या दुकानासमोर उभी होते आणि हातात मालूताईंसाठीच घेतलेली चिंध्यांची पिशवी होती. "मामी, आई गेली गं…" त्यांची मुलगी सुजाता एवढंच बोलू शकली. दुपारी जेवून आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत. त्यांच्या गावी, चिखल्याला पोचेपर्यंत रिक्षात ती पिशवी माझ्या मांडीवर होती. महिना उलटून गेला, तरी ती कुठे ठेवावी ते मला उमजेना. कपाटात टाकायचे, पुन्हा काढायचे, खुंटीला अडकवायचे. घरात कुठेच तिचं बूड टेकेना.

मालूताई माझ्या थोरल्या नणंद. नणंद-भावजयीचं म्हणे विळ्या-भोपळ्याचं सख्य. आमचं मात्र एका शिलाई मशीनवर जमलं. गावातल्या बायकांचे ब्लाउज शिवून उरलेल्या कापडाच्या त्या गोधड्या करायच्या. टाकाऊ असं त्यांच्या घरी काही नव्हतंच. दोन रंगांचे दोन चौकोन तोंडाला तोंड लावून ठेवायचे, वर खडूने कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ मारायची, रेघेच्या दोन्ही अंगांनी शिलाई घालायची आणि मग नेमकं रेघेवर कापायचं. उलगडलं की दोन दुरंगी चौकोन तयार, वाया काही नाही. असे चार फिरवून जोडले की जत्रेतलं भिरभिरं. मी पडले उतावळी. मी आधीच त्रिकोण कापून ठेवले, शिवताना त्यांच्या तिरप्या कडा ताणल्या गेल्या आणि भिरभिऱ्याचं पार धिरडं झालं. ताई हसून हसून भिंतीला टेकल्या. "शोभे, तुझं सगळं आधी कात्री! बोलण्यातसुद्धा तेच. अगं, आधी जोडावं, मग कापावं." मला राग आला होता. अजूनही थोडा येतो, कारण त्यांचं खरं होतं.

दोन तुकड्यांच्या मध्ये त्या दोरा तोडत नसत. एकामागून एक तुकडे सुईखाली सारत राहायच्या आणि मशीनमागे पताकांसारखी माळ लोंबत राहायची. उठतानाही एखादा तुकडा अर्धा शिवून सुईखालीच ठेवायच्या. त्याने दोरा वाचतो, दुसऱ्या दिवशी लगेच सुरुवात होते, हे झालंच. पण विचारलं की म्हणायच्या, "सुई उपाशी ठेवू नये गं."

सुजाताला सातवा महिना लागलाय. तिच्या बाळासाठी ताईंनी गोधडी शिवायला घेतली होती ती निम्मीच झाली. आत घालायला स्वतःचं जुनं, मऊ पातळ धुऊन ठेवलं होतं. सुजाताच्या तलासरीच्या सासूबाईंनी वापीहून तयार ब्लँकेट आणलं. बाई वाईट नाहीत, पण म्हणाल्या, "अर्धवट राहिलेलं बाळाला नको." सुजाताने ते घडी करून ठेवलं आणि मला फोन केला, "मामी, तू पुरी कर ना. मला आईचीच हवी." आईचीच हवी, आणि शिवणार कोण, तर मी! हात लावला तर ती ताईंची राहणार नाही, नाही लावला तर तशीच पडून राहील… या विचाराने जेवण गोड लागेना.

शेवटी गेल्या आठवड्यात पिशवी उचलून चिखलं गाठलं. सुजाता आलीच होती. तिने मशीनवरचं झाकण काढलं. सुई अजून कापडात रुतलेली. खाली दोन चौकोन, जांभळा आणि पिवळा, तोंडाला तोंड लावलेले. खडूच्या रेघेच्या एका अंगाला शिलाई होती. दुसरं अंग कोरं होतं.

"तेवढी बाजू तू घाल," सुजाता म्हणाली.

मी तुकडा फिरवला आणि शिलाई घातली, वाकडीतिकडीच. मग कात्री उचलली खरी, पण जन्मात पहिल्यांदा माझा हात अडला. ताईंचा हात लागलेला तो शेवटचा तुकडा होता… कसा कापू?

"काप गं मामी. आता जोडलंय ना दोन्हीकडून."

कापला. उलगडला. दोन चौकोन झाले, एकात त्यांची सरळ शिलाई, दुसऱ्यात माझी नागमोडी. वरून रंग तेच. सुजाताने दोन्ही शेजारी शेजारी पोटावर ठेवून पाहिले. ती हसली, मग रडली, आणि मीही.

निघताना मी पिशवीतून दोन तुकडे काढले, अर्धे शिवले आणि सुईखाली तसेच ठेवून उठले.