दोरीवरच्या साहेबाची वंशावळ

आमचा धंदा भाटाचा. लोकांच्या वंशावळी वहीत लिहून ठेवायच्या आणि लग्नकार्यात खड्या आवाजात वाचायच्या. अमेरिकेत भाऊबंद आपसांत लढायला लागले, तिकडचा कापूस विलायतेला जायचा बंद झाला आणि आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मग अमरावतीत ज्याला त्याला पणजोबा हवा झाला. मी पुरवत होतो. सरदाराहून कमी दर्जाचा पणजोबा मी कोणाला दिला नाही, आणि मला त्याची लाजही वाटत नसे.

माझे यजमान असेच नव्याने वर आलेले कापसाचे व्यापारी. त्यांच्या मुलीला बघायला अकोल्याचं जुनं, नामांकित घराणं येणार होतं. पाहुण्यांवर छाप पडावी म्हणून त्यांनी मुंबईहून भटकत आलेला एक अमेरिकन दोरीवर चालायला ठरवला. ठरवून झाल्यावर त्यांनी मला बोलावून घेतलं.

"दोरीवर चालते म्हंजे डोंबारीच ना तो," ते मला म्हणाले. "पाव्हणे म्हणतीन, सोयरीक कराले बोलावलं अन् डोंबाऱ्याचा खेळ दाखवला. त्याचं घराणं मोठं पाह्यजे. तू वाच."

मी वही घेऊन साहेबाकडे गेलो. जहाजावर शिकलेली हिंदुस्थानी तो बऱ्यापैकी बोलायचा. बाप काय करायचा? जोडे शिवायचा. आजा? माहीत नाही. आणि स्वतः? आधी कसायाच्या दुकानात, मग शाळामास्तर, मग बाटलीतलं औषध विकणारा, मग खलाशी, मग दोरीवर. हे सगळं तो मिशीला पीळ देत सांगत होता. त्यांच्या मुलखात म्हणे नाचणारे-गाणारे काय आणि राज्य चालवणारे काय, आपण झोपडीत जन्मलो हे छाती पुढे काढून सांगतात. ज्याची झोपडी जास्त गळकी, तो जास्त मोठा. मला तर संशय आला, की याचा बाप चांगला खाऊनपिऊन सुखी असणार आणि यानेच त्याला जोडे शिवायला बसवलं. आमच्या धंद्याचा असा उलटा प्रकार मी पहिल्यांदाच बघत होतो. मला त्याची कीव आली. घरी येऊन मी त्याच्या आज्याला घोडदळाचा सरदार करून टाकला.

ठरल्या दिवशी दुपारी अंगणात बैठक भरली. आधी कलावंताचं घराणं वाचायचं, मग यजमानांचं, अशी रीत. आमची वाचायची भाषा निम्मी हिंदीच, त्यामुळे साहेबाला सगळं कळलं.

"झूठ," तो दोरीवर चढायच्या शिडीवरूनच म्हणाला. "मेरा बाप जूते सीता था. दादा का पता नहीं."

अकोल्याहून आलेले मुलाचे आजोबा माझ्याकडे वळले आणि यजमानांकडे बोट करून म्हणाले, "त्याचं खोटं, तं याईचं काय?"

मुलीचं लग्न आणि माझी भाकरी, दोन्ही एका दमात जाणार होतं. तेवढ्यात यजमान उठून उभे राहिले.

"माहा बाप दुसऱ्याच्या वावरात कापूस येचे," ते म्हणाले. "सरदार यानं लिवला. मले आवडला, मी ठेवला."

खरं सांगतो, आजवर मी त्यांना मनातून हसत आलो होतो. त्या घटकेला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

आजोबांनी मला खुणेने जवळ बोलावलं आणि कानाशी लागले. "आमची वही तुह्या बापानं लिवली होती. तिच्यात खरं काय हाय?"

"गावाचं नाव," मी म्हणालो.

ते सरळ होऊन बसले. मग मोठ्याने म्हणाले, "साहेबाले चढू द्या वर. पोरगी पसंत हाय."

लग्न थाटात झालं. मला पहिल्या पंगतीत पान वाढलं. मी वहीची गाठ सोडायला लागलो, तसे यजमान आणि आजोबा दोन्ही अंगांनी माझ्याजवळ येऊन बसले. "तू निवांत जेव," म्हणाले. त्यानंतर अमरावती-अकोल्यात मला जेवायला पुष्कळांनी बोलावलं. वाचायला कोणी बोलावलं नाही.