तपासणीच्या दिवशीचा वाढदिवस

नवऱ्याची बँकेतून जयपूरला बदली झाली आणि घरात बसून डोकं फिरायच्या आत मी काम धरलं. खाजगी शाळांची मोजणी बरोबर झाली आहे का, हे तपासायचं. आधी एक मुलगी गल्लोगल्ली फिरून शाळा मोजून जायची, मागाहून मी तिच्या शाळा मोजायच्या. एक जरी कमी भरली तरी तिला कामावरून काढणार. नियम कुणी केला कोण जाणे, केला त्याने गल्ली पाहिली नसावी.

मुलगी इथल्या छावणीतल्या मराठी फौजीची. पहिलीच नोकरी. "काकू, मी एकदम सही मोजलंय," म्हणाली, आणि माझा विश्वास होता.

विद्याधर नगरातली तिची शेवटची शाळा म्हणजे एक दुमजली घर. तिला पालक समजून मालकीणबाईंनी सगळे वर्ग हौसेने दाखवले होते. माझ्या गळ्यात मात्र ओळखपत्र. ते दिसताच आत धावपळ झाली. शाळेला मान्यता नसणार. मी आत पोचले तर शाळेच्या नावाची पाटी भिंतीकडे तोंड करून उभी, तिच्यावर दोन फुगे, आणि एकाच गणवेशातली खोलीभर पोरं टाळ्या वाजवत होती.

"बर्थडे है जी," बाई म्हणाल्या.

"किसका?"

त्यांनी हाताला लागली ती मुलगी पुढे ढकलली. तेवढ्यात मागून एकाने करंगळी वर केली. "मॅडमजी, जाऊँ?"

"लाइन से जाओ," बाई सवयीने बोलून गेल्या आणि माझ्याकडे बघून कसनुसं हसल्या.

मांजर डोळे मिटून दूध पितं, तसला प्रकार. हसू आवरेना आणि रागही आला. पण मालकाने हो म्हटल्याशिवाय शाळा धरायची नाही, हाही नियमच. एका पोरीची नोकरी जाईल हो, असं मी हिंदीत परोपरीने सांगितलं. बाईंना खरंच वाईट वाटलं. त्यांनी मला बिस्किटं दिली.

"पर स्कूल तो है ही नहीं जी."

मी 'शाळा नाही' असं कळवलं. मुलीची नोकरी गेली. मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

आठवड्याभराने तिचा फोन आला. "काकू, मला नोकरी भेटली. टीचरची. त्या बर्थडेवाल्या घरात. मी भांडायला गेलते, मतलब, त्यांनी ठेवूनच घेतलं."

मी मनापासून आनंदले. म्हटलं, मग आता तूच सांग की शाळा आहे. तुझी मोजणी खरी ठरेल, नाव तरी साफ होईल.



"पण काकू," ती हळूच म्हणाली, "इथे तर शाळा नाहीच आहे."