शेरडानं खावं असं झाड

अनोळखी झाड दिसलं की आत्या आधी त्याचं पान तोडायची, बोटांत चुरगाळून वास घ्यायची आणि जिभेच्या टोकावर ठेवायची. मग निकाल. "गोडसर हाय. शेरडं खातील." नाहीतर बाजूला थुंकायची आणि म्हणायची, "कडू जहर! कशाला वाढवलंय कुणास ठाव." तिच्या लेखी जगात झाडांच्या या दोनच जाती होत्या. मी बारावीला वनस्पतींचं वर्गीकरण पाठ करत होते, तेव्हा शेजारी बसून तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ह्यात शेरडाचं कुठंच न्हाई व्हय गं?"

आत्या म्हणजे माझ्या पप्पांची थोरली बहीण. आमचं गाव रहिमतपूरजवळ, उसाचं. तिला दिली होती माणमध्ये, दहिवडीच्याही पलीकडे, जिथं पाणी टँकरनं यायचं. शेरडांवरच तिचा प्रपंच चालला. आमच्याकडून परत जाताना ती उसाचे हिरवे शेंडे, म्हणजे वाडं, भारा बांधून एसटीत चढवायची. कंडक्टरनं एकदा भाऱ्याचं तिकीट मागितलं. सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं ती म्हणाली, "आवं, माहेरची बोळवण हाय ही. बोळवणीला कुठं तिकीट असतंय व्हय?" कंडक्टरही हसला. तिकीट काही निघालं नाही.

आमचा रस्त्याकडेचा बंगला होत आला तेव्हा गेटच्या आत, व्हरांड्यासमोर, मातीचा एक चौकोन मोकळा सोडला होता. तिथं एक लहानसं शोभेचं झाड लावायचं, असं नकाशातच होतं. पप्पांनी आत्याला फोन केला. मी शेजारीच होते. "आक्का, दारातलं झाड तूच निवडायचं. तुझ्याच हातानं लागलं पायजे." पलीकडून ती काहीतरी आनंदानं बोलली. मग पप्पा म्हणाले, "आन येताना आधारकार्ड घिऊन ये."

आजोबांच्या माघारी सातबाऱ्यावर दोन नावं लागली होती, पप्पांचं आणि आत्याचं. आत्यानं हक्क सोडल्याची सही केली की सगळी जमीन पप्पांच्या एकट्याच्या नावावर होणार होती. आमच्याकडं बहुतेक बहिणी अशी सही करतात. जी करत नाही तिच्याबद्दल पारावर बोललं जातं, आणि तिच्यासाठी माहेरी ताट वाढलं जात नाही. हे कुणी सांगत नाही, पण लहानपणापासून सगळ्या मुलींना ठाऊक असतं. मलाही होतं.

नर्सरीत तिच्याबरोबर मी गेले. नर्सरीवाला एकेक झाड दाखवत होता, हे फार उंच जात नाही, ह्याची मुळं भिंतीत शिरत नाहीत. आत्या ऐकून घ्यायची आणि पान तोडायची. शेवटी तो वैतागला. "आवं मावशी, नर्सरी खाताय का काय?"

"मग? भाकरी खाल्ल्याबिगर सून पसंत करतंय का कोन?"

पांढरा चाफा तिनं चिकामुळं नाकारला. पाम चाखून म्हणाली, "खराटा उलटा रोवल्यावानी दिसतंय." शेवटी कांचनापाशी थांबली. दुभंगलेलं पान जिभेवर ठेवलं आणि डोळे मिटले. "ह्येच. फुलं तुमाला, पाला माज्या शेरडास्नी. आन दसऱ्याला सोनं घरचंच." मग डोक्यावर हात उंचावून मला म्हणाली, "एवढंच वाढू द्यायचं बघ. माजा हात पोचला पायजे."

सकाळी तिनं झाड लावलं आणि त्याच दिवशी आम्ही रजिस्टर ऑफिसला गेलो. तिथं फोटो काढतात म्हणून तिनं पदर डोक्यावरून नीट घेतला. हातांच्या रेषांत अजून माती होती, त्यामुळं मशीनवर अंगठा पटकन उमटेना. दोनदा पुसायला लावला. तिथल्या माणसानं विचारलं, "मावशी, राजीखुशीनं देताय न्हवं?" ती हसली. "भावाला द्याया कसली जबरदस्ती?"

परत येताना भाड्याच्या गाडीत मी हळूच विचारलं, "आत्या, तुला काहीच नको होतं?"

"घेतलं की. झाड." आणि थोड्या वेळानं, "दारात माजं झाड हाय म्हणल्यावर मला कोन परकी म्हनंल?"

ते झाड दोन पावसाळे राहिलं. आत्या आली की घरात यायच्या आधी त्याचं एक पान तोंडात टाकायची. मग माझ्या भावानं चारचाकी घेतली. गेटमधून वळताना झाड आडवं येऊ लागलं, आणि गळून पडलेल्या फुलांनी टपावर डाग पडायचे. मी हॉस्टेलवर साताऱ्याला होते. सुट्टीला आले तेव्हा चौकोनावर पेव्हर ब्लॉक बसले होते आणि गेटच्या एका अंगाला मोठ्या कुंडीत पाम उभा होता. मी पप्पांना विचारलं, का काढलं? ते रागावले नाहीत. मोबाईल बघत म्हणाले, "तिला कुठं रोज बघायचंय?"

दसऱ्याला आत्या आली. सोन्याची पानं न्यायला काखेत रिकामी पिशवी होती. गेटमध्येच थांबली.

"आक्का, गाडी वळत नव्हती," पप्पा म्हणाले. "त्याच्या बदली हे आणलंय बघ. लय महागाचं हाय."

आत्या पामाकडं बघत राहिली. मला वाटलं, आता पान तोडेल, थुंकेल, काहीतरी बोलेल. बोलावं असं मला फार वाटत होतं. तिनं पान तोडलं नाही. न चाखता सोडलेलं तिचं ते पहिलंच झाड. घरात येऊन अर्धा कप चहा प्याली. निघताना पप्पांनी गड्याला वाडं बांधायला सांगितलं, तर पप्पांना म्हणाली, "नगं बाळू. आता तिकीट पडंल त्याला."

पप्पा हसले. त्यांना तो विनोद वाटला असावा.

त्यानंतर ती आली नाही. फोन केला की शेरडं व्यायलीत, पाय दुखतोय, असं काहीबाही सांगायची. गेल्या उन्हाळ्यात ती गेली. आमच्यात बाई गेली की तिला माहेरचं लुगडं नेसवतात. पप्पांनी दहिवडीत गाडी थांबवून घेतलं. ते तिच्या अंगावर घालताना खूप रडले, आणि ते रडणं खोटं नव्हतं, हे मला लिहायला हवं. मग डोळे पुसून जमलेल्यांना म्हणाले, "चांगल्यातलं घेतलंय."

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. पप्पांना त्याचा अभिमान आहे, ते चारचौघांत तसं सांगतात. मागच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. पाम वाळून गेला होता. "तू शिकलेली हायस. दारात कुठलं झाड शोभंल, ह्यावेळी तूच ठरव." मला क्षणभर बरं वाटलं. आजोबांपासूनचं सगळं रान माझ्या भावाच्या नावावर करायचं घरात चाललंय, ते मी आईकडून ऐकून होते, पण तेव्हा लक्षात आलं नाही.

"आन सुट्टीला येताना," पप्पा म्हणाले, "आधारकार्ड घिऊन ये."

मी "बघते" म्हणाले आणि फोन ठेवला. हॉस्टेलच्या फाटकापाशी कसलंसं शोभेचं झाड आहे. त्याचं नाव मला माहीत नाही. त्याचं एक पान तोडलं, चुरगाळलं, जिभेवर ठेवलं. कडू जहर होतं. तिथंच बाजूला थुंकून टाकलं.